वीस जणांचं मत

उशीच्या बाबतीत अख्ख्या गावात आपल्याला तोड नाही, असं घोषणाबाईंचं ठाम मत होतं आणि ते खोटं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी त्यांनी अकरा वर्षं उशा शिवल्या होत्या. मानेखालची वेगळी, गुडघ्याखालची वेगळी, कुशीवर वळल्यावर पाठीला टेकू देणारी वेगळी, आणि एक खास राग आल्यावर फेकून मारायची. आईचा राग मोठा होता आणि नेम अचूक. कापूस किती पिंजायचा, किती ठासायचा, कुठल्या कोपऱ्यात जरा ढिला सोडायचा, हे बाईंच्या बोटांना डोळे मिटूनही कळायचं. आई गेली तेव्हा घरात चौदा उशा उरल्या आणि माणूस एक.

त्यानंतर सहा महिन्यांत नोकरीही गेली. गेली म्हणजे निवृत्ती, पण वर्षभर आधीच. बाई बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायच्या. सत्तावीस वर्षं एका बंद खोलीत, माईकसमोर, भिंतीकडे तोंड करून. मग एक दिवस साहेब म्हणाले, बाई, चार दिवस जरा वरच्या खोलीत बसा, सगळ्या गावांची नावं, सगळे आकडे, 'उशिरा', 'रद्द', 'लागली आहे', 'सुटत आहे' असं सगळं एकदा बोलून ठेवा, अडीअडचणीला असलेलं बरं. बाईंनी मन लावून बोलून ठेवलं. पाचव्या दिवशी मशीन बसलं आणि बाई उठल्या. आपल्याच हातांनी आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायला त्यांना चार दिवस लागले, तेही गरम पाणी पिऊन, घसा सांभाळून.

बाईंचं घर स्थानकामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की मशीन ऐकू यायचं. बाई जेवायला बसायच्या आणि पलीकडून त्यांचाच आवाज त्यांना सांगायचा, की प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. दिवसभरात त्यांच्याशी एवढंच कोणी बोलायचं.

म्हणून धंदा. बाईंचा हिशेब सरळ होता. दुकान म्हटलं की दार उघडं, आणि दार उघडं म्हटलं की कोणी ना कोणी आत येणारच. आत येणारा माणूस उशी घेवो न घेवो, 'काय म्हणता' एवढं तर म्हणेल.

धाकटा भाऊ महिन्यातून एकदा फोन करायचा. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, धंद्याला चार माणसं ओळखीची लागतात. तुझी कोण आहेत?"

"होतील," बाई म्हणाल्या. "होतील."

प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय सत्तावीस वर्षांत हाडीमाशी खिळली होती. ती काही मशीनमध्ये ठेवून येता आली नव्हती.

पण बाई उगाच उडी मारणाऱ्यांतल्या नव्हत्या. आधी शिकायचं, मग दुकान टाकायचं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये 'व्यवसायाची पहिली पायरी' नावाचा दहा दिवसांचा वर्ग चालायचा. शेवटी प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मिळालेल्यांना खालच्या दालनात महिनाभर मांडायला जागा. बाईंनी नाव घातलं आणि पहिल्या दिवशी वर्ग उघडायच्या अर्धा तास आधी जाऊन बसल्या. शिपायाने त्यांना "या, बसा" म्हटलं. बाईंना एकदम बरं वाटलं.

शिकवणारे सर वयाने बाईंच्या भाच्याएवढे होते. त्यांच्या हातातलं फळ्यावरचं पेन कधी उमटायचं, कधी नाही. त्यामुळे अर्धी वाक्यं फळ्यावर असायची आणि अर्धी हवेत. पण माणूस तळमळीचा. त्यांचं पहिलं वाक्य बाईंनी वहीत दोनदा लिहून घेतलं : धंदा म्हणजे आधी कान, मग तोंड.

इथेच घोडं अडलं. दुसऱ्या दिवशी सरांनी दोघादोघांच्या जोड्या केल्या, एक दुकानदार आणि एक गिऱ्हाईक. बाईंच्या वाट्याला गिऱ्हाईक म्हणून सायकल दुरुस्तीचं दुकान काढू पाहणारे एक काका आले.

काका म्हणाले, "मला एक उशी पाहिजे होती."

बाई खुर्चीत ताठ झाल्या, नजर काकांच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीवर गेली, आणि त्या म्हणाल्या, "कृपया इकडे लक्ष द्या. उशी उपलब्ध आहे. कृपया इकडे लक्ष द्या. उशी उपलब्ध आहे."

काकांनी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

सर हळूच म्हणाले, "बाई, समोर एकच माणूस आहे."

"हो."

"तुम्ही त्याला शंभर जणांना सांगितल्यासारखं सांगताय."

शंभर जणांना कसं सांगायचं ते त्यांना येत होतं. एकाला कसं सांगायचं, हा भाग आईबरोबर गेला होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी फळ्याकडे बघून परतवलं.

सर समजूतदार होते. म्हणाले, "सोपं आहे. गिऱ्हाईक बोलायचं थांबलं की तुम्ही फक्त 'मग?' म्हणायचं. बाकीचं तो बोलतो." बाईंनी 'मग?' लिहून घेतलं. दोनदा.

सातव्या दिवशी सरांनी खरं काम दिलं. प्रत्येकाने आपला माल वीस जणांना वापरायला द्यायचा आणि त्यांचं मत त्यांच्याच हाताने लिहून आणायचं. त्यासाठी छापील कागद होते : नाव, फोन, किती वेळ वापरलं, काय वाटलं. वीस म्हणजे वीस. एकोणीस आणणाऱ्याला प्रमाणपत्र नाही, कारण सरांच्या म्हणण्याप्रमाणे विसावा माणूसच खरं बोलतो. पहिले एकोणीस आपल्या नात्यातले असतात.

वर्गात सगळे हसले. शिवणकाम करणाऱ्या दोन बहिणींनी तिथल्या तिथे बोटांवर वीस आतेमामे मोजले. सायकलवाल्या काकांची आख्खी आळी होती. बाईंनीही बोटं मोजली. भाऊ एक. तो लांब राहायचा. दुसरं बोट बराच वेळ तसंच उभं राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, इमारतीत एवढी घरं असताना माणसांना काय तोटा? बाईंनाही तसंच वाटलं. आठव्या दिवशी संध्याकाळी त्या दोन उशा काखेत मारून दुसऱ्या मजल्यावर उतरल्या आणि पहिली घंटी वाजवली. दार उघडलं ते समितीच्या अध्यक्षीणबाईंनी.

बाई म्हणाल्या, "तुम्ही रात्री कशा झोपता? तुम्ही रात्री कशा झोपता?"

अध्यक्षीणबाईंचा चेहरा पडला. "का हो? कोण काय म्हणालं?"

"कोणी नाही. मान आखडते का? घोरणं वगैरे आहे का?"

"आमच्याकडे कोणी घोरत नाही." आतून त्याच क्षणी कोणीतरी दणदणीत घोरलं. "आणि घोरत असले तरी भिंती तुमच्या नाहीत, आमच्या आहेत. वर तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातं म्हणता?"

"नाही, मी उशीबद्दल विचारायला आले."

"उशी तोंडावर दाबू की काय त्यांच्या?" आणि दार बंद.

समोरच्या घरात बातमी बाईंच्या आधी पोचली होती. तिथल्या गृहस्थांनी दार अर्धंच उघडलं, आपण डाव्या कुशीवर आणि तोंड मिटून झोपतो असं शपथेवर सांगितलं, आणि वर विचारलं, की पण बाई, हे तुम्ही लिहून का घेताय? तिसऱ्या घरात दिवा होता, टीव्ही होता, फक्त दार उघडायला माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागली : रात्रीच्या आवाजांबद्दल कोणाला तक्रार असल्यास थेट समितीकडे करावी, परस्पर घरोघरी चौकशी करू नये. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली. वीस मतं राहिली बाजूला, आधी जिन्यात भेटल्यावर माणसं नुसती मान हलवायची, ती आता तीही हलवेनात.

नववा दिवस. कागद द्यायचे होते दहाव्या दिवशी, शेवटच्या तासाला. बाईंनी विचार केला, आपण आयुष्यभर ज्यांच्याशी बोललो ती माणसं कुठे असतात? आणि आईच्या चौदा, नव्या शिवलेल्या सहा, अशा वीस उशा दोन चादरींत बांधून, वर्गाला दांडी मारून, ती दोन गाठोडी ओढत त्या स्थानकावर गेल्या.

सत्तावीस वर्षं जिथे नोकरी केली, त्या स्थानकाचे बाक बाईंनी कधी नीट बघितले नव्हते. त्यांचा रस्ता मागच्या दाराने खोलीत आणि खोलीतून मागच्या दाराने घरी. बाक लोखंडी होते, मधल्या पट्ट्या निघालेल्या. त्यावर पंचवीसेक माणसं वेडीवाकडी बसली होती. सत्तावीस नंबरची गाडी दोन तास उशिरा होती आणि त्यानंतरची थेट पाचला. माणसं पहाटे घरून निघालेली, उन्हाने शिणलेली. कोणाची मान खांद्यावर, कोणाची शेजाऱ्याच्या. याहून चांगलं गिऱ्हाईक बाईंना कुठे मिळणार होतं?

बाई मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कृपया इकडे लक्ष द्या. सत्तावीस नंबरच्या प्रवाशांनी..."

पंचवीस माणसं ताडकन उठली. पिशव्या उचलल्या, पोरं काखोटीला मारली आणि फलाटाकडे धावली. फलाटावर एक कुत्रं होतं. ते सगळ्यांकडे बघून उठून गेलं.

"गाडी कुठंय?"

"आत्ता सांगितलं ना?"

"गाडी नाही," बाई ओशाळून म्हणाल्या. "उशा आहेत. फुकट आहेत. अर्धा तास वापरायच्या आणि मत सांगायचं."

माणसं आधी चिडली, मग फुकट हा शब्द त्यांच्यात मुरला, मग वीस उशा वीस डोक्यांखाली गेल्या. पाच जणांना मिळाल्या नाहीत. ते तोंड वाकडं करून दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. बाई एकेकापाशी गेल्या. मान सरळ ठेवा, मान सरळ ठेवा. कोपऱ्यावर खांदा येऊ देऊ नका, कोपऱ्यावर खांदा येऊ देऊ नका. सामान उशाशी घ्या, सामान उशाशी घ्या. पहिली पाच मिनिटं लोक दचकून डोळे उघडायचे. मग सवय झाली.

एक जाडजूड गृहस्थ डोळे न उघडता म्हणाले, "मावशी, तुमचा आवाज अगदी त्या घोषणावालीसारखा आहे."

"ती मीच."

"असं का," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

दहा मिनिटांत बाकांवर शांतता पसरली. आईसाठी अकरा वर्षं केलेलं काम होतं ते. त्यापुढे लोखंडी पट्ट्यांचं काय चालणार? बाईंनी सगळ्यांकडे एकदा डोळे भरून बघितलं. सत्तावीस वर्षांचे आपले श्रोते हे, असे दिसतात तर, असं त्यांना वाटलं. त्यातले सगळे झोपले होते ही गोष्ट वेगळी.

सगळे नव्हते. शेवटच्या बाकावर एक आजी जाग्या होत्या. त्यांनी उशी डोक्याखाली न घेता गुडघ्याखाली घेतली होती.

"इथं दुखतं," आजी म्हणाल्या.

बाईंना आता काहीतरी सांगायला हवं होतं. तोंडावर आलेलं 'कृपया' त्यांनी कसंबसं गिळलं आणि म्हटलं, "मग?"

"मग काय? सात वर्षं झाली. जिन्यावरून पडले."

"मग?"

आजींनी बाईंकडे नीट बघितलं. पाय जरा सरकवून बाकावर जागा केली. "बस की. उभ्याने काय ऐकतेस."

बाई बसल्या. आजी बोलू लागल्या. गुडघ्यावरून जिन्यावर, जिन्यावरून तो ओलाच सोडून जाणाऱ्या सुनेवर, सुनेवरून मुलावर. मुलगा चांगला, पण घरात आला की कानात ते बोळे घालतो. आपण बोलत राहायचं आणि त्याने मान हलवत राहायची. एकदा आजी मुद्दाम म्हणाल्या होत्या, की अरे, घराला आग लागलीय, तर म्हणाला, हो आई, जेवतो नंतर. आता त्या मुलीकडे चालल्या होत्या, चार दिवस. मुलीलाही वेळ नसतोच, पण तिच्या घरासमोर रस्ता आहे. माणसं दिसतात.

"माणसं दिसतात, ते बरं असतं," बाई म्हणाल्या.

हे वाक्य त्या एकदाच बोलल्या. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. आजींनी त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण?" आणि बाईंनी आईबद्दल सांगितलं. अकरा वर्षं, चौदा उशा, फेकून मारायची उशी. आजी ती गोष्ट ऐकून एवढ्या हसल्या की त्यांना गुडघा धरावा लागला. दोन वर्षांत बाईंनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

नेमकी तेव्हा सत्तावीस नंबर आली.

मशीनने आपलं काम चोख केलं. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं, सत्तावीस नंबरची गाडी फलाट दोनवर लागली आहे. दोनदा. मग पुन्हा दोनदा. मग, सुटत आहे. पण झोप लागेपर्यंत हाच आवाज लोकांच्या कानाशी मान सरळ ठेवा, सामान उशाशी घ्या असं गुणगुणत होता. झोपेत ऐकणाऱ्याला तो आता घोषणेचा राहिलाच नव्हता, तो उशीवाल्या मावशीचा झाला होता. जाडजूड गृहस्थांनी हात हलवून "पुरे की मावशी आता" म्हटलं. एका बाईने चादर समजून पदर तोंडावर ओढला. उशी न मिळालेले पाच जण उठले, गाडीत चढले, पाच मोकळ्या खिडक्यांशी बसले आणि निघून गेले.

आणि घोषणाबाई? त्या तर टक्क जाग्या होत्या. पण आजी सांगत होत्या, की एकदा मुलगा लहान असताना हरवला होता, आणि बाई म्हणत होत्या, "मग?" आयुष्यात पहिल्यांदा त्या कोणाचं तरी ऐकण्यात एवढ्या गुंगल्या होत्या की त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना ऐकू आला नाही.

तो ऐकू आला नियंत्रकांना. ते आपल्या काचेच्या खोलीतून धावतच आले. "बाई! तुम्ही? आणि ही माणसं... गाडी गेली की!"

एकोणीस माणसं जागी झाली. पुढचं दृश्य सांगण्यासारखं नाही. ज्याला त्याला वाटलं, शेजाऱ्याने उठवायला हवं होतं. मग सगळ्यांना वाटलं, घोषणाच झाली नाही. झाली असती तर आम्हाला ऐकू आली नसती का? आम्ही काय झोपलो होतो? नियंत्रक म्हणाले, सहा वेळा झाली. जाडजूड गृहस्थ म्हणाले, एकदाही नाही, मी नुसते डोळे मिटून होतो.

"तक्रारवही आणा!"

तक्रारवही साहेबांच्या कपाटात होती, कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब रजेवर. नियंत्रकांची पाचावर धारण बसली. माणसं काउंटरवर हात आपटू लागली. बाईंच्या पिशवीत वीस छापील कागद होते : नाव, फोन, किती वेळ वापरलं, काय वाटलं. एकाने ते बघितले आणि हिसकावून घेतले. "हे चालतील. द्या इकडे पेन."

अशा रीतीने बाईंना एका फटक्यात एकोणीस मतं मिळाली, तीही स्वहस्ते, काही तर कागद फाटेस्तोवर दाबून लिहिलेली.

विसावा कागद आजींचा. "मला कसली तक्रार?" त्या म्हणाल्या. "आणि चष्मा पेटीत आहे, पेटी बांधलीय. तू असं कर, तुझा फोन नंबर दे. मुलीकडे पोचले की उशीचं मत तुला फोनवर सांगते." बाईंनी त्यांच्या जुन्या तिकिटामागे मोठ्या आकड्यांत नंबर लिहून दिला.

पाच वाजेपर्यंत सगळे तिथेच होते. राग फार तर तासभर टिकतो; चार तास टिकवायला फार ताकद लागते, आणि यांची तर झोपही झाली होती. हळूहळू जाडजूड गृहस्थांनी दोन बाक जवळ ओढले. कोणी पाणी आणलं. कोणी विचारलं, मावशी, तुम्ही खरंच ती घोषणावाली? मग मला सांगा, ते 'कृपया' म्हणताना तुम्हाला राग यायचा का? बाई म्हणाल्या, कधी कधी यायचा. सगळे हसले. बाई त्या चार तासांत जेवढ्या बोलल्या तेवढ्या चार वर्षांत बोलल्या नव्हत्या, आणि प्रत्येक गोष्ट एकदाच.

पाचची गाडी आली तेव्हा नियंत्रकांनी मशीन बंद केलं. ते म्हणाले, "भरवसा नको. बाई, तुम्हीच सांगा, एकेकाला, तोंडासमोर." बाई एकेकासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुमची गाडी लागली. एकेकजण उशी हातात देऊन, बरंय मावशी, म्हणून चढत गेला. आजी सर्वांत शेवटी, उशी काखेत घेऊन. ती परत मागायचं बाईंना सुचलं नाही. गाडी गेली, धूळ बसली, आणि एकोणीस उशा दोन चादरींत बांधताना बाईंना स्थानक इतकं मोठं आणि रिकामं वाटलं, की त्यांनी एक गाठ तीनदा सोडून तीनदा बांधली.

दहाव्या दिवशी सरांनी कागद वाचायला घेतले. पहिला वाचला. दुसरा वाचला. मग चष्मा काढून पुसला.

"'अर्धा तास वापरली. गाडी गेली. साडूकडचं जेवण गेलं. अशी उशी विकण्यावर बंदी घालावी.' बाई, हे काय आहे?"

"मत."

"'मी झोपलो नव्हतो. तरी गाडी दिसली नाही.' 'मान वर्षभर दुखत होती ती थांबली, पण आता बाकी सगळं दुखतंय.'" सर पुढचे वाचू लागले आणि त्यांचे खांदे हलू लागले. सायकलवाले काका डोळे पुसत होते. सगळं हसून झाल्यावर सर गंभीर झाले. "माल उत्तम आहे, यात वादच नाही. पण हे एकोणीस आहेत."

"विसावं फोनवर यायचंय."

"मग तेवढं एक तुमच्या हाताने लिहून सोमवारी सकाळी दहापर्यंत आणा. माझ्या हातात तेवढंच आहे."

बाई घरी आल्या आणि फोनसमोर बसल्या. शनिवार गेला. खिडकीतूनही काही येईना, कारण एकोणीस जणांनी एकमुखाने सांगितलं होतं की मशीन बोललंच नाही, म्हणून मशीन दुरुस्तीला गेलं होतं. बाई जेवायला बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांना आपल्या घासाचा आवाज ऐकू आला. भाड्याची जागा रिकामी करून गेल्यावर भिंती असतात ना, तसं घर झालं होतं. आपण विसरलो गेलो, असं त्यांना वाटलं आणि फार वाईट वाटलं. चार तासांची ओळख ती काय, आजींनी तिकीट फेकूनही दिलं असेल. रविवारी दुपारी त्यांनी फोन उचलून, चालू आहे ना, हे तीनदा पाहिलं.

रविवारी संध्याकाळी तो वाजला.

"मी बोलतेय गं. गुडघेवाली."

बाई उभ्याच राहिल्या. "बोला, आजी."

आजी बोलल्या. मुलीचा रस्ता खणून ठेवलाय, त्यामुळे माणसं दिसत नाहीत, नुसते खड्डे दिसतात. जावई चांगला आहे, पण तोही बोळे घालतो. नातीने एक कोडं घातलं ते सुटत नाही. बाईंनी मध्ये मध्ये "मग?" म्हटलं. आईचं सांगितलं, जिन्याखालच्या सूचनेचं सांगितलं. आजी खळखळून हसल्या. बाई कधी खाली बसल्या ते त्यांना कळलं नाही. घड्याळात बघितलं तर चाळीस मिनिटं झाली होती. मग बाईंना कामाची आठवण झाली. त्यांनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"आजी, उशीबद्दल काय वाटलं?"

"कुठली उशी?"

"ती, गुडघ्याखालची."

"अगंबाई, ती होय. ती त्याच दिवशी गाडीत राहिली. उतरताना तिकीट तेवढं लक्षात ठेवून घट्ट धरलं होतं. चालेल ना?"

"चालेल," बाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ कागदासमोर बसल्या. 'मऊ आहे, गुडघ्याला आराम पडला,' एवढं लिहायला किती वेळ लागतो? सरांना काय कळणार होतं? पेन दोनदा टेकलं, दोनदा उचललं. मग त्यांनी जे झालं तेच लिहिलं आणि कागदाची घडी घातली.

सोमवारी दहाला सरांनी विसावा कागद वाचला. उलटा करून बघितला. पुन्हा सुलटा केला.

"'उशी गाडीत विसरल्या. चाळीस मिनिटं बोलल्या.' बाई, यात उशीबद्दल काय आहे?"

"विसरल्या, असं आहे."

"हे मालाबद्दलचं मत झालं का?"

"नाही."

सरांनी कपाळ चोळलं. "चांगल्या दोन ओळी लिहून आणल्या असत्यात तर मी सही केली असती हो. आता नियम म्हणजे नियम. एक कमी पडलं की वर्ग पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. दहाच्या दहा दिवस."

"दहाच्या दहा?"

"दहाच्या दहा. उद्या दहापासून नवी तुकडी आहे, तीस जणांची. वाईट वाटून घेऊ नका."

बाईंनी चेहरा जमेल तेवढा पाडला.

"नाही नाही," त्या म्हणाल्या. "उद्या दहालाच ना? का थोडं आधी आलं तरी चालेल?"